जंगलकट्टा: उंबरातलं चिलट, जळवांच्या पोटातली माहिती आणि पुलावरचं खवलेमांजर

गेल्या अंकात आंबोलीच्या पावसाळी जंगलावर लिहिलं आणि शेवटी सहज म्हणून टाकलं की काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा. तुम्ही ते भलतंच मनावर घेतलंत! पत्रं, मेल, दोन तर रंगीत खडूने काढलेली चित्रं, त्यातल्या एका चित्रात मी आहे आणि माझ्या पायाला सतरा जळवा आहेत (मोजल्या मी). सगळ्यांना उत्तरं देणं या पानावर मावणारं नाही, म्हणून बऱ्याच जणांनी विचारलेलं आधी घेतलंय आणि मग दोन-तीन प्रश्न मला स्वतःला आवडले म्हणून.

मावशी, आमच्या पुस्तकात रेनफॉरेस्ट म्हटलं की ॲमेझॉनचाच फोटो असतो. तू आंबोलीला रेनफॉरेस्ट कसं काय म्हणतेस? तिथे तर आम्ही भजी खायला जातो. (सहावी, कोल्हापूर)

अरे, धबधब्यापाशी गाडी लावायची, भिजायचं, भजी खायची आणि परत यायचं, मग जंगल दिसणार कुठून! पुण्यात वर्षभरात मिळून साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि आंबोलीत त्याच्या जवळजवळ दहापट, म्हणजे सगळं पाणी जागच्या जागी साठलं असतं तर दोन मजली घर बुडालं असतं. एवढ्या पावसावर घाटमाथ्याच्या घळींमध्ये जे दाट, बारा महिने हिरवं जंगल उभं आहे ते आपलं सदाहरित जंगल, पुस्तकी भाषेत वर्षावन. राधानगरी, चांदोली, कोयना, महाबळेश्वर, भीमाशंकर, तिकडे खाली तिलारी, सगळीकडे याचे लहानमोठे तुकडे आहेत.

फरक आहेच. ॲमेझॉनमध्ये थोडाफार पाऊस वर्षभर पडत राहतो. आपल्याकडे जूनमध्ये आभाळ फाटतं, ऑक्टोबरात मिटतं, आणि मग पुढचे सात-आठ महिने झाडांनी धुकं, दव आणि मुळाशी मुरलेलं पाणी यांच्यावर काढायचे. म्हणून आपली झाडं तिथल्यासारखी आभाळाला टेकत नाहीत, महाबळेश्वरला तर वारा आणि पातळ मातीमुळे अंजनी, जांभूळ, पिसा ही झाडं बुटकी आणि वाकडीतिकडीच राहतात. सह्याद्रीने दक्षिणेकडे केरळपर्यंत जात राहिलास तर पावसाळा लांबत जातो आणि झाडंही उंच होत जातात. मला विचारशील तर आठ महिने पाऊस नसताना हिरवं राहून दाखवणारं आपलं जंगल जास्त चिवट आहे, पण मी इथलीच, मी असंच म्हणणार.

सदाहरित म्हणजे पानं कधीच पडत नाहीत का? (पाचवी, डोंबिवली)

पडतात की. फक्त सगळी एकदम नाही पडत. साग उन्हाळ्याच्या तोंडावर सगळे कपडे काढून उभा राहतो, सदाहरित झाड मात्र थोडी जुनी टाकतं थोडी नवी घालतं, त्यामुळे ते उघडं पडलेलं तुला कधी दिसत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला जांभूळ किंवा आंबा नीट बघ, नवी पालवी तांबूस असते. आणि पावसाळी जंगलातल्या कितीतरी पानांची टोकं शेपटीसारखी लांब निमुळती असतात, त्यावरून पाणी पटकन ओघळून जातं, नाहीतर चार महिने ओल्या राहिलेल्या पानावर शेवाळ आणि बुरशी चढायला वेळ लागत नाही.

मी उंबर फोडलं तर आतून बारीक बारीक किडे उडाले. आई म्हणाली फेकून दे. पण आजोबा म्हणतात उंबराला फूलच नसतं. मग फळ कसं येतं? (सातवी, मुलगी, सांगली)

हा प्रश्न वाचून मी खुर्चीतून उठले, खरंच. आजोबा बरोबरही आहेत आणि चूकही. खूप दिवसांनी घरी आलेल्या माणसाला आपण म्हणतो ना, "काय रे, उंबराचं फूल झालास!" ते फूल असतं, फक्त उंबराच्या आत लपलेलं, आणि तेच तुझ्या हातात होतं. ते खरं तर फळ नाही, आतून-बाहेरून उलटवलेला फुलांचा गुच्छ आहे. ब्लेडने (मोठ्यांकडून) कच्चं उंबर उभं चिरून घे आणि भिंग लाव, आतल्या भिंतीला शेकडो बारकी फुलं दाटीवाटीने चिकटलेली दिसतील.

आता फुलं आत कोंडलेली, मग परागकण कोण नेणार? त्यासाठी एक अगदी चिलटाएवढी माशी आहे, गांधीलमाशीच्या गोतातली, जेमतेम दोन मिलिमीटरची. उंबराच्या टोकाला खवल्यांनी बंद केलेलं एक भोक असतं त्यातून मादी आत घुसते, एवढी दाटी असते की घुसताना बऱ्याचदा पंखच तुटतात. आत गेली की सोबत आणलेले परागकण फुलांवर पडतात, काही फुलांत ती अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी आधी नर बाहेर येतात, त्यांना पंखच नसतात, त्यांचं काम एवढंच की माद्यांशी मिलन करायचं आणि भिंत कुरतडून बाहेर जायला बोगदा खणायचा, बाहेरचं जग न बघताच बहुतेकांचं आयुष्य संपतं. माद्या अंगाला पराग लावून त्या बोगद्याने उडून जातात आणि एक-दोन दिवसांत दुसरं कच्चं उंबर शोधतात, नाही सापडलं तर संपलं. तू उंबर फोडलंस तेव्हा यांचीच निघायची गडबड चालली असणार.

आता हे जंगलाच्या धड्यात कशाला, तर उंबर, वड, पिंपळ, पायर या सगळ्यांचं असंच आहे, प्रत्येकाची आपापली माशी. माशीचं आयुष्य एवढुसं, त्यामुळे या झाडांना सगळ्यांनी मिळून एकाच महिन्यात फळून चालत नाही, कुठलं ना कुठलं झाड वर्षभर फळलेलं असावं लागतं. आणि जंगलात बाकी काही खायला नसतं तेव्हा शेकरू, धनेश, हरियाल, वटवाघळं, उदमांजर सगळे उंबराच्या दारात. म्हणजे दोन मिलिमीटरच्या किड्यावर तीन किलोचा महाधनेश पोसला जातो. आईला म्हणावं फेकलंस ते ठीक, पण झाडाखालीच फेकायचं होतंस.

जळवांचा जंगलाला काय उपयोग? माझ्या मते शून्य. (आठवी, ठाणे)

तुझ्या पायाला लागली होती वाटतं!

उपयोग आपल्याला व्हायलाच हवा असा काही नियम नाहीये. बेडूक आणि पक्षी जळवा खातात एवढं पुरे. पण तुझ्यासाठी एक गंमत. जळू रक्त पिते तेव्हा तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणूनच ती सुटली तरी पाय बराच वेळ गळत राहतो, आणि ते प्यायलेलं रक्त ती पोटात कितीतरी दिवस सांभाळून ठेवते. शास्त्रज्ञांनी डोकं लावलं की या रक्तातला डीएनए तपासला तर जळू कोणाला चावली ते कळेल, म्हणजे त्या जंगलात कोण राहतं ते कळेल. व्हिएतनाममधल्या जळवांवर केलेलं असं काम 2012 साली छापून आलं आणि तिथे कॅमेरे लावूनही न सापडलेल्या एका दुर्मिळ पट्टेवाल्या सशाचा पत्ता चक्क जळवांच्या पोटात लागला. फुकटची सीआयडी!

लागली तर ओढू नकोस, पेटती काडी तर अजिबात नको. बारीक टोकाकडे तोंड असतं, तिथे नख सरकवून ते सोडवायचं, मग जाड टोक, धुवायचं, दाबून धरायचं. मिठाची पुरचुंडी सगळे नेतात, मीपण नेते, पण ते मीठ बुटांच्या मोज्यांवर चोळलेलं बरं, वाटेवर भसाभस टाकत जाऊ नका, तिथे गोगलगायी आणि बेडूकही असतात, त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय.

ॲमेझॉन जगाला 20 टक्के ऑक्सिजन देतं असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं, मी ते भाषणात म्हटलं आणि बक्षीस मिळालं. खरं आहे ना? (सातवी, नाशिक)

बक्षीस ठेव, वाक्य काढून टाक. झाडं दिवसा ऑक्सिजन सोडतात हे खरं, पण तीच झाडं रात्रंदिवस श्वास घेतात, आणि खाली पडलेली पानं-फांद्या कुजवणारे जीवजंतू, बुरशी, वाळवी हेही ऑक्सिजन वापरतात. सगळा हिशोब मांडला तर मोठं जुनं जंगल जेवढा बनवतं जवळपास तेवढा खाऊनही टाकतं, शिल्लक शून्याच्या आसपास. हवेतला 21 टक्के ऑक्सिजन कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे, तो लगेच संपत नाही.

मग ॲमेझॉन का वाचवायचं? कारण झाडांच्या लाकडात प्रचंड कार्बन अडकून पडलाय, जाळलं की तो हवेत. आणि पाऊस! अटलांटिक समुद्रावरून आलेली वाफ पाऊस होऊन पडते, झाडं ते पाणी मुळांनी ओढतात, पानांतून परत हवेत सोडतात, वारा पुढे नेतो, पुन्हा पाऊस. असं टप्प्याटप्प्याने पाणी पार अँडीज पर्वतापर्यंत पोचतं आणि तिथून वळून दक्षिणेकडच्या शेतांवर जातं. तिकडे याला उडत्या नद्या म्हणतात. पुढच्या भाषणात हे घाल, ऑक्सिजनपेक्षा भारी वाटेल.

धनेशाची मादी स्वतःला झाडात कोंडून घेते हे खरं का? तिला भीती नाही वाटत? (चौथी, चिपळूण)

खरं आहे. तुमच्याकडे धनेशाला ककणेर म्हणतात ना? घरात विचार, आजीने नक्की ऐकलेला असणार, मोठा धनेश उडताना पंखांचा आवाज येतो, लांबून कोणी तरी मोठा पंखा फिरवल्यासारखा.

जुन्या मोठ्या झाडाच्या ढोलीत मादी शिरते आणि ढोलीचं तोंड विष्ठा, चिखल, खाण्यातलं उरलंसुरलं असं सगळं लिंपून बंद करते, ठेवते फक्त एक उभी फट, नराची चोच जाईल एवढी. मोठ्या धनेशात ही कोठडी तीन-साडेतीन महिन्यांची असते. आत तिचे उडायचे पिसारे गळून नवे येतात, म्हणजे त्या काळात तिला धड उडताही येत नाही. नर बिचारा दिवसभर खेपा घालतो, गळ्यात फळं भरून आणतो आणि फटीपाशी बसून एकेक ओकून काढून देतो, उंबर, मग अजून एक उंबर. या दिवसांत नराला कोणी मारलं तर आतल्यांवर उपाशी मरायची पाळी येते, गलोल घेऊन हिंडणाऱ्या दादा लोकांना हे सांग.

भीतीचं माहीत नाही गं, पण घराची टंचाई आहे हे नक्की. धनेशाला सुतारासारखं लाकूड कोरता येत नाही, आयती ढोली लागते, आणि एवढी मोठी ढोली पडायला झाडही तेवढं म्हातारं लागतं. ते झाड बघून आपण म्हणतो पोकळ झालंय, पडेल कधीतरी, विकून टाकू. दहा रोपं लावली तरी त्या एका पोकळ झाडाची भरपाई व्हायला तुझ्या नातवंडांचा जमाना उजाडेल.

आम्ही शाळेत सीडबॉल बनवले, फणस आणि जांभळाच्या बिया वाळवून. डोंगरावर टाकले तर जंगल होईल ना? (पाचवी, सातारा)

मी पण हे केलंय, तुझ्यापेक्षा वयाने खूप मोठी असताना, म्हणजे जास्त लाजिरवाणं. एका उन्हाळ्यात फणसाच्या दीडशे आठळ्या धुतल्या, गच्चीत कडकडीत वाळवल्या, डब्यात भरून ठेवल्या आणि जुलैत मोठ्या थाटात नेऊन लावल्या. एकही उगवली नाही, एकही! मग एका माळीकाकांनी सांगितलं, ताई, आठळी वाळली की मेली.

पावसाळी जंगलातल्या बऱ्याच झाडांचं असंच असतं. फणस, आंबा, जांभूळ, कोकम, यांची फळं पावसाच्या तोंडावर पिकतात, बी ओल्या जमिनीत पडलं की लगेच रुजायचं असा त्यांचा बेत, वाट बघत पडून राहायची सोयच नाही. बाभूळ, खैर यांचं बी टणक, ते वर्ष-वर्ष टिकतं, सीडबॉल त्यांना चालतो. तुम्हाला जांभूळ लावायचं तर खाल्लं की आठवडाभरात पिशवीत मातीत खुपसा.

पण तुझा खरा प्रश्न जंगल होईल का हा आहे. नुसती झाडं उगवून येणं म्हणजे जंगल झालं असं मला वाटत नाही. गिरीपुष्पाची (म्हणजे ग्लिरिसिडिया, बाहेरच्या देशातून आणलेलं झाड) लागवड बघितली असशील, हिरवीगार दिसते, पण आत जाऊन कान दे, फार काही ऐकू येत नाही. जंगलात उंबराला त्याची माशी लागते, बी पेरायला धनेश लागतो, रोपाला आधी मोठ्या झाडाची सावली लागते (दाट सदाहरित जंगलात जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के ऊन पोचतं आणि तिथली रोपं त्यातच वर्षानुवर्षं दम धरून असतात). हे सगळं एकमेकांत गुंतलेलं, रोपवाटिकेतून विकत नाही मिळत. म्हणून माझा हट्ट असतो की आधी आहे ते राखा, वणवा लागू देऊ नका, गुरं थोडी वर्षं आवरा, शेजारी जुनं जंगल असेल तर पक्षी आपोआप पेरणी करतात.

आणि अजून एक, सडा (डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ) मोकळा दिसला म्हणून तिथे खड्डे खणायला जाऊ नका हं. कातळावरची पावसाळी फुलं, बेडूक, गवत, त्यांना ऊनच हवं असतं. तुमच्या साताऱ्याचं कास पठार 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते काय झाडांच्या गर्दीमुळे गेलं का?

आजी म्हणते देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही, देव कोपतो. असं का? (सहावी, भोर तालुका)

आजीचं ऐक. देव कोपेल की नाही यावर मी बोलणारी कोण, पण माती नक्की कोपेल. घाटमाथ्यावर माती पातळ, खाली कातळ, आणि पाऊस असा की उघड्या जमिनीतलं सगळं सत्त्व धुऊन नेतो. जंगलाची श्रीमंती मातीत फारशी नसतेच, ती झाडांत आणि पडलेल्या पाल्यात-लाकडात असते, कुजलं की लगेच मुळं परत ओढून घेतात. तू काटकी उचललीस की त्या बँकेतनं पैसे काढलेस.

आणि ओलं कुजकं लाकूड काय काय करतं! भीमाशंकरच्या जंगलात भर पावसात, अमावास्येच्या आसपास, टॉर्च बंद करून दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहिलं की डोळे सरावतात आणि जमिनीवरच्या काटक्या फिकट हिरव्या उजळलेल्या दिसायला लागतात. लाकूड खाणारी बुरशी असते ती. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातात धरलेली काटकी घड्याळाच्या रेडियमच्या काट्यासारखी दिसत होती, आणि मी ती होती तिथेच परत ठेवली, हे मुद्दाम आजीला सांग.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात आपल्याकडच्या देवरायांचा अभ्यास केला, त्याच्या कितीतरी आधीपासून गावांनी त्या राखल्या होत्या. आता अडचण वेगळीच झालीय, साधं कौलारू किंवा उघड्यावरचं ठाणं असतं, गावाला वर्गणी मिळते, मग सिमेंटचं मोठं देऊळ, त्याला पार्किंग, आणि ज्या देवासाठी झाडं राखली त्याच्याचसाठी ती तोडली जातात.

मी सिंगापूरला राहते, आईबाबा मूळचे रत्नागिरीचे. आमच्या घराजवळ बुकित तिमाह आहे. ते पण रेनफॉरेस्टच ना? (चौथी)

हो, आणि अस्सल, वर्षभर पावसाचं! जेमतेम 163 हेक्टर, चारी बाजूंनी शहर. बाबांना विचार, त्याच्या आणि शेजारच्या मोठ्या जंगलाच्या मधून एक हायवे गेलाय, त्यामुळे इकडचे प्राणी इकडे आणि तिकडचे तिकडे अडकले होते. 2013 मध्ये त्या रस्त्यावरून खास प्राण्यांसाठी पूल बांधला, वर माती टाकून झाडं लावलेली, माणसांनी एरवी त्यावर जायचं नाही. आणि त्या पुलावरून चक्क खवलेमांजर जाताना कॅमेऱ्यात आलं.

इकडे सह्याद्रीत आपल्यालाही हेच लागणार आहे. धनेश रस्ता ओलांडून उडून जाईल, शेकरू मात्र शक्यतो जमिनीवर उतरत नाही, रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंच्या फांद्यांची गाठ तुटली की त्याच्यासाठी तो समुद्रच.

माझं आजोळ दोडामार्ग तालुक्यात आहे. मामा म्हणतो एका राईत चिखलातून झाडांचे गुडघे वर आलेत. तो मला चिडवतोय का? (सहावी, पनवेल)

नाही रे, मामा खरं बोलतोय. ते रानजायफळाचं पाणथळ जंगल. तिथली जमीन वर्षभर पाण्याने भरलेली, चिखलात हवाच नाही, म्हणून झाडं मुळं वर काढतात, दुमडून परत खाली घालतात, ते गुडघा मुडपून बसल्यासारखं दिसतं. त्या गुडघ्यांतून झाड श्वास घेतं. अशी जंगलं दक्षिणेकडे जास्त होती, तिथे बरीच भात आणि सुपारीसाठी बुजवली गेली. गोव्यात सत्तरीमध्ये निरंकाराची राई आहे, आणि आपल्याकडे बांबर्डे गावची कानळाची राई, तिला 2020 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. मोठी किती, तर अडीच हेक्टरच्या आसपास, तुझ्या पनवेलच्या एखाद्या सोसायटीएवढी. गावाने देवाची म्हणून ठेवली म्हणून ती उरली.

मे महिन्यात गेलास की मामाला सोबत घे, गावात आधी विचार, देवाची जागा आहे. पाय गुडघ्यांवर अजिबात द्यायचा नाही, त्यांना जखम झाली की झाडाचा श्वास कोंडतो. खाली एखादं फुटलेलं फळ दिसलं तर उचलू नकोस, वाकून बघ, आत बीवर जाळी गुंडाळलेली दिसेल, आपण मसाल्यात घालतो त्या जायपत्रीची ही रानातली बहीण, धनेश त्यासाठीच येतो. एका झाडाभोवती किती गुडघे दिसले ते मोजून मला लिहून पाठव, मामाचा आकडा वेगळा आला तर तोही पाठव.